मुक्काम केल्याबिगर उठायचं न्हाई

कुरुळीतल्या आमच्या घरमालकीणबाईंनी मला सात महिन्यांत एकदाही नावानं हाक मारली नाही. मी त्यांच्यासाठी कधी ‘पहिली पाळी’ होतो, कधी ‘दुसरी’, कधी ‘रात्रपाळी’. कंपनीत शुक्रवारी पाळ्या बदलायच्या, त्यामुळे दर शुक्रवारी माझं नावही बदलायचं. ओळीनं आठ खोल्या, त्यांत राहणारी वीसेक पोरं, आणि सगळ्यांची नावं दर आठवड्याला फिरती. पण बाईंची कधी गल्लत झाली नाही. कंपनीच्या टाइम ऑफिसची व्हायची.

त्यांना सगळेच मावशी म्हणत. साठी उलटलेली, अंगानं काटक, आवाज मात्र पार कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जाणारा. एक हात तुटलेली प्लॅस्टिकची खुर्ची हे त्यांचं वाहन. ती उचलून त्या या खोलीच्या दारातून त्या खोलीच्या दारात जायच्या आणि बसल्या जागेवरून सगळ्यांची हजेरी घ्यायच्या. घड्याळ त्यांनी कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. ‘पह्यली पाळी सुटायच्या टायमाला’ म्हशीची धार, ‘दुसरीची बस गेली की’ चहा, असा त्यांचा दिवस चालायचा.

आमच्या खोलीत आम्ही तिघं. मी करमाळ्याचा, दुसरा परभणीचा, तिसरा चिपळूणचा. आम्ही एकमेकांना गावाच्याच नावानं ओळखायचो, आणि हाक पाळीची मारली तरी आमच्याबद्दल बोलताना मावशीही गावाचंच नाव घ्यायच्या. तिघंही एकाच कंपनीत, कंत्राटावर, एकाच दिवशी लागलेले, पण तीन वेगळ्या गटांत. म्हणजे एक कामावर, एक झोपलेला, एक मोकळा. दहा बाय बाराच्या खोलीला ही सोय फार छान होती. तिघं एकत्र सापडायचे ते फक्त गुरुवारी, सुट्टीला. आणि आमच्या पट्ट्यात दुरुस्तीसाठी लाइट जायची तीही नेमकी गुरुवारीच. संध्याकाळी ती येईपर्यंत तिघांतला एक तरी कुठंतरी उलथलेला असायचा.

चिपळूणनं काम सोडून चाललेल्या एका पोराकडून गेमचं जुनं मशीन आणलं होतं. त्याच्यासोबत एक टीव्ही आणि एकच गेम मिळाला. गेममधल्या मुलीचा धाकटा भाऊ हरवलेला असतो आणि ती त्याला शोधत एकटी निघते. डोंगर, खाड्या, पडके किल्ले, वाटेत भेटणारी खरी-खोटी माणसं, असा सगळा लांबलचक प्रवास. मध्येच उठायचं तर खेळ सेव्ह करावा लागतो आणि तो वाटेल तिथं होत नाही. लांब लांबवर झोपड्या आहेत. तिथं नेऊन मुलीला खाटेवर आडवं केलं की तोवरचं सगळं मशीनमध्ये जपलं जातं. झोपडी गाठण्याआधी बंद केलंत तर सगळी मेहनत पाण्यात. अशा जपलेल्या जागा मशीनमध्ये तीन ठेवता यायच्या.

मावशी आमच्या खोलीत पहिल्यांदा आल्या त्या भांडायला. टाकी भरून वाहत होती आणि मोटर आम्हीच चालू ठेवली, असा त्यांचा वहीम होता (तो खरा होता). परभणी गेम खेळत बसला होता. मावशींनी कमरेवर हात ठेवून तोंड उघडलं आणि त्यांची नजर टीव्हीवर गेली.

“ही कुणाची पोर? एकलीच कुटं चाललीय?”

“भाऊ हरवलाय तिचा, मावशी. त्याला शोधायलीय.”

“आन् आईबाप?”

“ते दाखवले नाहीत अजून.”

मावशींनी भांडण तिथंच टाकलं, जाऊन खुर्ची आणली, आणि त्या दिवसापासून चार महिने त्यांची पक्की जागा आमच्या दारात झाली. रिमोटला त्यांनी हात लावला नाही. “माजं काम बगायचं,” म्हणायच्या. लसूण सोलता सोलता त्या टीव्हीतल्या माणसांशी बोलायच्या, मुलीला रागवायच्या, नावाड्याला शिव्या द्यायच्या. रात्रपाळीवाला तोंडावर टॉवेल टाकून झोपलेला असला की आवाज बंद करून खेळ चालायचा, आणि मग मावशीही कुजबुजत शिव्या द्यायच्या.

सेव्ह म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगायला मी पाच मिनिटं घेतली. त्यांना दोन शब्द पुरले. “म्हंजी मुक्काम.” त्यानंतर आमच्या खोलीत सेव्ह हा शब्द कुणी उच्चारला नाही. आणि नियम ठरला, तोही त्यांनीच ठरवला: मुक्काम केल्याबिगर उठायचं न्हाई. आई मेली तरी नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण सूर तोच होता. तीन जागा होत्या त्या तीन पाळ्यांना वाटून दिल्या. ज्याची पाळी त्याचा मुक्काम त्याच्या जागेवर. पुढचा येईल त्यानं सगळ्यात ताजा मुक्काम उघडून पुढं जायचं. मागचे दोन तसेच ठेवायचे.

“कशाला ठेवायचे जुने?” मी विचारलं होतं.

“उद्या ह्यो नासला तर मागचा तरी हाताशी असंल.”

पण मावशींची खरी करामत पुढंच होती. कंपनीत पाळी बदलताना जाणारा येणाऱ्याला लाइनची हकीकत सांगतो: ह्या मशीनचा आवाज वेगळा येतोय, तो माल पकडणारा फिक्श्चर ढिला आहे. खेळात आम्ही तिघं एकमेकांना भेटायचोच नाही. मग ही हकीकत मावशी सांगायच्या. कामावरून येऊन बूट काढेपर्यंत त्या सुरू व्हायच्या.

“पोरीला पुलापातूर आणून ठिवलीय. कोळ्याचा पोरगा चावी दिऊ म्हणंल, घिऊ नगंस, त्यो लबाड हाय. आन् त्या म्हातारीला लाकडं आणून द्यायचं कबूल केलंय चिपळूणनं, त्ये आदी कर.”

मशीनला कळायचं ते एवढंच: मुलगी कुठं उभी आहे, तिच्याकडं बाण किती, जीव किती. ती तिथं कशासाठी आली, कुणाला काय कबूल करून आली, हे मशीनला ठाऊक नसायचं. ते दारातल्या खुर्चीत जपलेलं असायचं. मला तेव्हा याची फक्त गंमत वाटायची.

एकदा दुसऱ्या पाळीची बस कोपऱ्यावर येऊन हॉर्न वाजवत होती आणि चिपळूण झोपडीपासून बराच लांब होता. तो घामाघूम. मावशी उठल्या, तरातरा गेल्या आणि बसच्या पुढं उभ्या राहिल्या.

“जरा थांबा. पोरगी मदीच हाय अजून.”

“कुणाची पोरगी?” ड्रायव्हरनं विचारलं.

“आमच्या खोलीतली. एकलीच हाय. आंधार पडायच्या आत झोपडीत न्ह्यायचीय तिला.”

ड्रायव्हर भला माणूस. त्यानं इंजिन बंद केलं. सात मिनिटांनी चिपळूण धावत आला तेव्हा सगळी बस त्याच्याकडं काळजीनं बघत होती. मग आठवडाभर लाइनवर जो तो त्याला हळूच विचारायचा, “मुलगी बरी आहे ना, भाऊ?” लग्न न झालेला चिपळूण मान खाली घालून “आहे” म्हणायचा.

आता माझ्या पराक्रमाकडं येतो. तो टाळता आला असता तर टाळला असता.

सातवा महिना सरत आला होता. कंत्राटी कामगाराला सात महिन्यांनी ब्रेक देतात, म्हणजे घरी पाठवतात. परत बोलावतील न बोलावतील. आमचा ब्रेक आठ दिवसांवर होता, आणि त्याच सुमारास कंपनीत फाइव्ह एसचं ऑडिट आलं. फाइव्ह एस म्हणजे नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, पुसा, आखा आणि रोज पाळा. मी क्वालिटीत होतो. मला आमच्या लाइनचा चॅम्पियन केलं आणि छातीवर हिरवा बिल्ला लावला. बिल्ला फार वाईट गोष्ट असते. मी लाइन चकाचक केली. ड्रॉइंगची नवी रिव्हिजन, म्हणजे सुधारलेली प्रत, आली की जुनी तिथल्या तिथं फाडायची, कारण जुनं हाती लागलं की चुकीचा माल निघतो, हे मी सगळ्यांना दिवसातून दहादा ऐकवायचो.

त्या बुधवारी पहिली पाळी करून चारला खोलीवर आलो तरी माझा जोर ओसरला नव्हता. चिपळूण कामावर गेलेला, परभणी रात्रपाळी करून टॉवेलखाली झोपलेला. मावशी शेजारच्या गावात हळदीला गेल्या होत्या. मी चपलांसाठी जमिनीवर पिवळी पट्टी मारली. बादलीला पट्टी मारली. दारात मावशींच्या खुर्चीला चौकोन आखून दिला. मग टीव्ही लावला, तीन मुक्काम बघितले, आणि त्यांतले दोन जुने होते. जुनी रिव्हिजन. काढून टाकले.

ताजा उघडला तर मुलगी एका खोल विवराच्या तळाशी झोपडीत बसलेली. वर जायला दोर लागतो. दोर नव्हता. खाली उतरताना संपला होता. मी सगळीकडं फिरून पाहिलं. चारही बाजूंनी कातळ.

मावशी आल्या त्या गालाला हळद लागलेल्या, खुशीत. आखलेला चौकोन बघून त्यांनी मुद्दाम त्याच्या बाहेर खुर्ची ठेवली आणि हकीकत सांगायला लागल्या. “ह्यो ताजा मुक्काम उगडू नगंस बरं का. चिपळूण चुकून खड्ड्यात उतारला सकाळी. झोपडी दिसली म्हणून सवयीनं मुक्काम केला. पर तितनं वर यायला वाट न्हाई. त्येनं सांगितलंय, मागचा उगडा.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, टीव्हीकडं बघितलं, आणि त्यांना कळलं.

परभणी टॉवेलखालून उठला तो ओरडतच. “चार महिने, बे! चार महिने पाण्यात घातलेस की तू!” चिपळूणला फोनवर कळलं तेव्हा तो फक्त “मेल्या” म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. मला वाटलं मावशी माझी खरडपट्टी काढतील. पण त्या नुसत्या खुर्चीत मागं रेलल्या. मग म्हणाल्या, “ह्या आठ खोल्यांत किती पोरं ऱ्हाऊन गेली, मोजली बी न्हाईत मी. ब्रेक लागला की बोचकं उचलून जात्यात. कुणाला काम लागलं, कुणाचं लगीन झालं, कोण बरं हाय, कोण न्हाई, काय बी कळत न्हाई मला. म्हणलं, ह्या पोरीचं तरी बघू, घावतोय का भाऊ.”

मला इतकं वाईट वाटलं की रडू यायचं तेवढं राहिलं.

“आट दिस हायेत,” त्या उठत म्हणाल्या. “तीन पाळ्या. चोवीस पाळ्या झाल्या. धर रिमोट.”

“मावशी, ह्याला देऊ नका!” परभणी म्हणाला.

“चुकला त्योच पह्यला बसंल. लाव सुरवातीपासनं.”

मग त्या आठ दिवसांत मी जे पाहिलं ते आजवर कुणाला सांगून पटलेलं नाही. मावशींना सगळा खेळ पाठ होता. कुठल्या झाडामागं चावी, कुठल्या पुलाची तिसरी फळी कुजकी, कुठला साधू खोटा, कुठल्या गुहेत जायचंच नाही. पहिल्या खेपेला आम्ही हिंडलो होतो, आता चालत होतो. ज्या खाडीत परभणीचे नऊ दिवस गेले होते ती त्यांनी चिपळूणकडून एका बैठकीत पार करून घेतली. जेवण त्यांच्याच घरून यायचं, कारण भाकऱ्या थापण्यात आमचा वेळ गेलेला त्यांना खपत नव्हता.

फक्त एका जागी त्या अडल्या. दुसऱ्या डोंगरावर एक म्हातारं कुत्रं बसलेलं असतं. त्याला पाणी पाजलं तरी चालतं, नाही पाजलं तरी चालतं, खेळात काहीच फरक पडत नाही. पाण्यासाठी मात्र खाली ओढ्यापर्यंत जाऊन यावं लागतं. परभणी पुढं निघाला.

“मागल्या खेपंला पाजलं व्हतं.”

“मावशी, वेळ नाही. त्याचं काही मिळत नाही.”

“मिळत न्हाई म्हणून न्हाई पाजायचं व्हय?”

परभणी मुकाट्यानं ओढ्यावर गेला. नंतर माझी खेळायची पाळी आली तर मावशी मला सांगत होत्या, “कुत्र्याला पाणी पाजलंय बरं का.” हकीकतीत तेही असायचं.

बुधवार उजाडला. आमचा कामाचा शेवटचा दिवस. त्या आठवड्यात परभणी पहिल्या पाळीला होता, चिपळूण रात्रीच्या आणि मी दुसऱ्या. सकाळी साडेसातला मावशींनी मला गदागदा हलवून उठवलं आणि ज्वारीचा डबा देऊन गिरणीत पिटाळलं. गिरणीत ही रांग. नऊ वाजून गेल्यावर परतलो तर खोलीत मावशी एकट्याच.

“चिपळूण?”

“आला. हितं गलका हुईल म्हणून त्येला माज्या घरात झोपिवलाय. बस. परभणीनं पार शेवटच्या दारापातूर आणून ठिवलीय पोरीला. त्याच्या पल्याड मुक्काम न्हाई. आता तुज्यावरच हाय.”

मी रिमोट हातात घेतला. जो खेळ मी बुडवला तोच माझ्या हातानं तरून जावा, असं मावशींनी ठरवलंय हे मला कळत होतं. दार उघडलं. आत लोखंडी मुखवट्याचा राक्षस, हातात हे एवढे साखळदंड. दोनदा हरलो. तिसऱ्यांदा मावशी ओरडल्या, “डावीकडं!” मी उडी मारली आणि मग साखळी आली. “बस खाली! आता मार!” मी मारत सुटलो. राक्षस कोसळला. मागच्या कोठडीतून तो भाऊ बाहेर आला, लहानसा, अनवाणी, आणि बहिणीला बिलगला.

“घावला गं बाई, घावला!” मावशींनी टाळ्या पिटल्या, पदरानं डोळे पुसले, माझ्या पाठीत एक धपाटा घातला. पडद्यावर नावांची लांबलचक यादी सरकत गेली, मग अंधार झाला, आणि पुन्हा मुलगी दाराबाहेरच्या खाटेवर. एकटी. भाऊ आतच.

मी घाबरलो. “मावशी, हे जपलंच नाही गेलं!”

त्या शांतपणे म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. तसंच असतंय त्ये.” मग जवळ येऊन हळूच, “त्या दोगांना सांगू नगंस हां. तू एकट्यानं क्येलंस म्हणून त्यांचं मन मोडंल. ऱ्हायलं म्हणायचं.”

मी कबूल केलं. कंपनीत त्या दिवशी माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं पिशव्या घेऊन फाट्यावर आलो. मावशींनी तिघांना शेंगदाण्याच्या चटणीच्या पुड्या बांधून दिल्या होत्या. परभणीची गाडी यायला वेळ होता. मला त्याच्या तोंडाकडं बघवेना. शेवटच्या दारापर्यंत आणून बिचाऱ्याला शेवट बघायला मिळाला नव्हता. मी म्हटलं, “राहू दे रे, परभणी. शेवट काय, नंतर कधीतरी बघशील.”

परभणी माझ्याकडं दयेनं बघत म्हणाला, “मला नको सांगूस, करमाळा. तूच वाईट वाटून घेऊ नको.”

चिपळूण घसा खाकरून म्हणाला, “दोघांनीही वाईट वाटून घेऊ नका. खरं म्हणजे मी सांगणार नव्हतो…”

आम्ही तिघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागलो.

“कधी?” मी विचारलं.

“काल सकाळी. आल्या आल्या. तू गिरणीत होतास.”

“काल? मी परवा संपवला, पाच वाजता!” परभणी म्हणाला. “हा चिपळूण केस कापायला गेलता तेव्हा! मावशी म्हणाल्या, त्यांना सांगू नको, मन मोडंल!”

‘डावीकडं!’ मला आठवलं. साखळी हलायच्या आधी. चार महिने ज्या बाईनं एकही हकीकत खोटी सांगितली नव्हती, तिनं शेवटच्या दोन हकीकती बेमालूम खोट्या सांगितल्या होत्या, आणि दर वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारख्या टाळ्या पिटल्या होत्या. आम्ही फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“मावशी, तुम्ही आम्हाला फसवलंत!”

पलीकडं आधी नुसतं हसू ऐकू आलं. “मंग? तिगांनी मिळून आणली तिला हितवर. एकट्यानंच कसा सोडवायचा त्येला? परभणीनं सोडवला तवा मला लई राग आला, की पोरगी परत भाईर कशी. मंग म्हणलं, बरंच झालं की. आजून दोगं हायेत आपल्याकडं.” मग हसू आवरून म्हणाल्या, “आन् खरं सांगू का? कुणाचंच पुढचं कळत न्हाई मला. ह्येचं तीनदा कळलं.”

आम्ही फाट्यावर इतके हसलो की परभणीची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. पुढची दुपारी होती. तो तिथंच पिशवीवर बसला, आणि मग आम्ही दोघंही दुपारपर्यंत थांबलो.